निरगाठ, सुरगाठ आणि शिल्प

मृणालिनी मुखर्जी यांच्या दोरीच्या शिल्पांविषयी जे लिहिले गेले आहे, त्यात देवी आहे, योगिनी आहे, अरण्य आहे, उमलणारे फूल आणि स्त्रीदेह आहे. दोरी त्या मानाने कमी आहे. कॅटलॉगमध्ये ती एका ओळीत येते: साहित्य हेम्प, रंगवलेला, उंची इतकी, रुंदी इतकी. त्यानंतर समीक्षक अर्थाकडे वळतो. या लेखात मी दोरीपासून सुरुवात करणार आहे. मी बुलढाणा जिल्ह्यात राहते. कलाविद्यालयात शिकलेली नाही. परंतु ज्या जिल्ह्यात मागच्या पिढीपर्यंत घरोघर कुणाला तरी दोर वळता येत होता, तिथे वाढलेल्या माणसाला ही शिल्पे पाहताना काही गोष्टी आधी दिसतात. त्या लिहून ठेवाव्यात एवढाच हेतू.

माझे म्हणणे थोडक्यात असे. गावच्या गाठींच्या वस्तूंना आकार येतो तो ओझ्यामुळे. मुखर्जींनी दोरीवरचे ओझे काढून घेतले आणि तरीही आकार उभा ठेवला. त्यांचे मोठेपण मला इथे दिसते. मात्र ओझे उतरवून ठेवता येणे हा एक हक्कही असतो. तो दोर वळणाऱ्या सगळ्यांना मिळालेला नव्हता. त्यामुळे या शिल्पांचे मोल सांगताना दोर कुणी वळला हा प्रश्न कलेच्या बाहेरचा म्हणून टाळता येत नाही.

मुंबई, बडोदे, दिल्ली

मृणालिनी मुखर्जी यांचा जन्म १९४९ मध्ये मुंबईत झाला. वडील बिनोदबिहारी मुखर्जी शांतिनिकेतनचे थोर चित्रकार, आई लीला मुखर्जी शिल्पकार. मुलगी लहान असतानाच वडिलांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतरही ते काम करत राहिले, हातांनी चाचपून, कागद कापून आणि चिकटवून. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. ज्या घरात बाप बोटांनी पाहतो, त्या घरातल्या मुलीने पुढे बोटांनीच आकार घडवावा, यात मला फार आश्चर्य वाटत नाही.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्या आधी चित्रकला शिकल्या आणि मग के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्र शिकल्या. मराठी वाचकाला इथे एक दुवा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये होते. हातमागाला नवे आकृतिबंध मिळावेत म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था. आपले प्रभाकर बरवे याच संस्थेत नोकरीला होते आणि सुरुवातीची काही वर्षे बनारसच्या केंद्रात होते. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणाऱ्या बरव्यांची उपजीविका विणकरांसाठी नक्षी करण्यावर चालत होती, ही गोष्ट त्यांच्या चित्रांविषयी बोलताना आपण सहसा मागे ठेवतो. सुब्रमण्यन यांनी मात्र धागा, माती, लाकडी खेळणे यांना वर्गाच्या बाहेर ठेवले नाही. कारागीर आणि कलावंत यांच्यामधली भिंत त्यांना मान्य नव्हती, आणि तीच शिकवण त्यांच्या विद्यार्थिनीच्या हातात दोरी देऊन गेली.

१९७२ मध्ये दिल्लीच्या श्रीधराणी गॅलरीत मुखर्जींचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले. सुरुवातीची कामे भिंतीवर टांगलेली होती. पुढे ती भिंतीपासून सुटली, जमिनीवर उभी राहिली किंवा छतापासून लोंबू लागली. ‘वनराजा’ (१९८१), ‘रुद्र’ आणि ‘देवी’ (दोन्ही १९८२), ‘योगिनी’ (१९८४), ‘आदिपुष्प’ मालिका अशी ती नावे. रेखाटन न करता, बाजारातून आणलेला दोर निवडून, रंगवून, आतल्या धातूच्या सांगाड्याभोवती त्या हाताने एकेक गाठ मारत जात. एका शिल्पाला कित्येक महिने लागत. २०१५ च्या जानेवारीअखेर दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन उघडले आणि काही दिवसांतच, फेब्रुवारीच्या आरंभी, त्या गेल्या. ते प्रदर्शन मी पाहिले आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा जगाने त्यांची दखल घेतली.

धुऱ्यावरची अंबाडी

‘हेम्प’ हा शब्द फार सैल आहे. आमच्याकडे त्या एका शब्दाच्या जागी निदान तीन नावे आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. सन पाण्यात टिकतो, म्हणून जाळ्याला आणि मोटेच्या नाड्याला तो हवा. घायपाताचा वाख पांढरा, लांब आणि ताठ, हाताला टोचणारा. अंबाडी घरची. कापसाच्या किंवा ज्वारीच्या शेताच्या धुऱ्यावर दोन ओळी टाकायच्या, कोवळी असताना भाजीला खुडायची, फुलून गेली की कापायची. झाडांच्या पेंढ्या बांधून नाल्याच्या किंवा डबक्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दहा-पंधरा दिवसांत साल कुजून सुटते. त्या पाण्याचा वास ज्याला माहीत आहे त्याला ‘नैसर्गिक धागा’ हे शब्द ऐकताना जाहिरातीतली प्रसन्नता वाटत नाही. साल सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. हाती येतो तो वाख.

वाखापासून दोर होतो तो पिळामुळे. एकेक पेड एका दिशेने पिळायचा आणि मग दोन किंवा तीन पेड एकत्र घेऊन उलट्या दिशेने वळायचे. प्रत्येक पेड उलगडू पाहतो आणि एकत्र पिळलेला दोर त्याला उलगडू देत नाही. दोन विरुद्ध ओढी एकमेकींना अडवून धरतात, म्हणून दोर हा दोर राहतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण माणसाच्या हट्टावर वापरली जाते, पण तिच्यामागे वस्तूचे नेमके निरीक्षण आहे. गाठ मारण्याच्या आधीच दोरात एक थांबवलेली हालचाल असते. दगड किंवा लाकूड शिल्पकाराच्या हातात येते तेव्हा ते निश्चल असते. दोर तसा नसतो.

या धाग्याचा इतिहास लिहिला गेला नाही, कारण त्याच्या शेजारी कापूस उभा होता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले ते मुख्यतः कापसाच्या प्रदेशासह. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तोही कापसासाठीच. कापसाचे आयुक्त नेमले गेले, अहवाल छापले गेले. लक्ष्मण सत्या यांचा वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यावरचा ग्रंथ किंवा स्वेन बेकर्ट यांचे कापसाच्या साम्राज्यावरचे पुस्तक वाचले, तर आपले खामगाव लिव्हरपूल-मँचेस्टरच्या ओळीत भेटते. कापूस धुरा ओलांडून बाजारात गेला आणि माल झाला. अंबाडी धुऱ्यावरच राहिली. ती मोजली गेली नाही म्हणून नोंदली गेली नाही. ज्या वस्तू तिच्यापासून झाल्या त्या कुजल्या, जळाल्या, शेवटी नायलॉनने त्यांची जागा घेतली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, फण्या आहेत. धातू आणि लाकूड टिकते. दोरीला संग्रहालयापर्यंत पोहोचण्याइतके आयुष्यच नसते.

ओझ्याचा आकार

आता त्या वस्तूंकडे पाहू. शिंके घ्या. आढ्याला टांगलेले, चार किंवा अधिक दोऱ्या खाली एकत्र आलेल्या, तळाशी जाळी. त्यात दुधाचे किंवा दह्याचे मडके ठेवले की दोऱ्या ताणतात आणि एक सुंदर, उलटे धरलेल्या कळीसारखे रूप तयार होते. मडके काढा. शिंके म्हणजे मग एक लोंबणारा गुंता. मुसके घ्या. डवऱ्याला जुंपताना बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधायची जाळी. बैलाच्या तोंडावर चढली की तिला गोलाई येते, काढून खुंटीला अडकवली की ती चपटी होते. गोफणीत दगड असेपर्यंत ताण आहे, दगड सुटला की ती हातात लोळते. बाजेचे सुंभ पायथ्याकडून आवळले नाही तर बाज झोळी होते, आणि माणूस झोपला की त्याच्या अंगाप्रमाणे खाली झुकते.

या सगळ्या वस्तूंचे रूप वापरातून येते असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. मातीचे मडकेही वापरासाठीच असते, तरी रिकामे असताना ते मडकेच राहते. दोरीची वस्तू रिकामी असताना स्वतःचे रूप ठेवू शकत नाही. तिचा अर्धा आकार तिच्यात असतो आणि उरलेला अर्धा ती जे पेलते त्यात.

गाठींचीही हीच गोष्ट. मराठीत निरगाठ आणि सुरगाठ असे दोन शब्द आहेत. ओढली की घट्ट होते आणि सुटत नाही ती निरगाठ, एक टोक ओढले की मोकळी होते ती सुरगाठ. शिंक्याची, मुसक्याची, जाळ्याची जाळी निरगाठींची असते. पण जनावराचे दावे खुंट्याला बांधायचे ते सुरगाठीने. गोठ्याला आग लागली, जनावर पाय अडकून पडले, तर क्षणात सोडवता आले पाहिजे. कुठे निरगाठ मारायची आणि कुठे सुरगाठ, हे ज्याला कळते त्याला दोरी कळते. माणसांच्या व्यवहारातही आपण हे शब्द वापरतो, ते या ज्ञानाच्या जोरावर.

ओझे काढल्यावर

‘वनराजा’ किंवा ‘रुद्र’ यांच्यासमोर उभे राहिल्यावर मला जाणवले ते हे, की इथे कुणी काही पेलत नाही. दोरीत मडके नाही, तोंड नाही, दगड नाही. आत सांगाडा आहे, काही कामे छताला टांगलेली आहेत, हे खरे. पण सांगाडा फक्त उभे राहण्याची सोय करतो. घड्या, कडा, पोटासारखे फुगवटे, ओठांसारखे उघडणारे भाग हे सगळे गाठींच्या दाटपणातून आलेले आहे. गाठ जिथे आवळून आणि जवळजवळ मारली तिथे दोरीची भिंत ताठ होते. जिथे सैल सोडली तिथे ती झुकते. शिल्पकाराने छिन्नीने जे करायचे ते त्यांनी ताण कमी-जास्त करून केले. जवळपास सगळ्या निरगाठी. सुटण्याची सोय ठेवलेली नाही. गावच्या दोरीला नेहमी दुसरे आयुष्य असते. आजचे दावे उद्या पाणी शेंदायला. या दोरीने एकच आयुष्य स्वीकारले आहे.

म्हणून ‘देवी’, ‘योगिनी’ या नावांवरून सुरू होणारी वाचने मला अर्धी वाटतात. मुखर्जींनी स्वतः सांगितले होते की त्यांची पुराणकथा रूढ नाही, ती व्यक्तिगत आहे. छोट्या गाभाऱ्यात शिरून मूर्तीकडे वर पाहताना जो दरारा वाटतो तो त्यांना हवा होता. हा दरारा येतो कुठून? लोणारच्या दैत्यसूदनाच्या मंदिरात किंवा मेहकरच्या बालाजीसमोर तो दगडाच्या वजनातून आणि काळोखातून येतो. मुखर्जींकडे तो एका विसंगतीतून येतो. जी वस्तू आपल्या अनुभवाने लोळायला हवी ती उभी आहे. आयुष्यभर दुसऱ्याला धरून राहिलेली दोरी इथे स्वतःला धरून आहे. आमच्या भागातला माणूस ‘योगिनी’ हे नाव न वाचताही थबकेल, असे मला वाटते, आणि तो थबकणे त्या शिल्पाचा खरा अर्थ आहे.

याच कसोटीवर त्यांची सगळी कामे सारखी उतरत नाहीत. सुरुवातीच्या भिंतीवरच्या कामांत, १९७२ च्या ‘स्क्विरल’सारख्या, दोरी अजून चित्राची चाकरी करते, भिंतीने तिचा भार घेतलेला असतो. समोरून डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळवणाऱ्या काही उभ्या मूर्तींत मला एक कडकपणा जाणवतो, जणू दोरीचा झुकण्याचा स्वभाव पुरता बंद केला आहे. ‘आदिपुष्प’ मालिकेत मात्र झुकणे आणि ताठ राहणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. पाकळी ताणलेली आहे आणि तिच्याखालचा भाग स्वतःच्या वजनाने उतरतो आहे. दोरी आपला स्वभाव विसरलेली नाही. माझ्या मते त्यांच्या तंतुशिल्पांचे शिखर तिथे आहे.

जगात इतरत्र काय चालले होते हे पाहिल्यावर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. पोलंडच्या मागदालेना अबाकानोविच यांनी १९६० च्या दशकात ‘अबाकान’ नावाने ओळखली जाणारी प्रचंड विणकामे केली. त्यासाठी त्या बंदरांतले टाकून दिलेले जहाजांचे दोर आणत, ते उसवत आणि त्याचे तंतू रंगवून वापरत. म्हणजे त्यांची दोरी ओझे वाहून आलेली होती. तो थकवा कामात उतरतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘वॉल हँगिंग्ज’ हे प्रदर्शन झाले तेव्हा लुईझ बूर्झ्वा या शिल्पकर्तीने त्यावर लिहिताना तक्रार केली, की ही कामे सजावटीतून क्वचितच सुटतात, शिल्प प्रेक्षकाकडे काही मागते तसे ही मागत नाहीत. तक्रार कठोर आहे, पण कसोटी म्हणून उपयोगी आहे. आपल्याकडे मोनिका कोरिया यांनी मुंबईत माग चालवताना मागाची फणी काढून टाकली आणि ताण्याचे धागे मोकळे भटकू दिले. विणकामात फणी म्हणजे शिस्त. तिच्याविना कापडाची वीण टिकवणे हे जोखमीचे काम. शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखते विणवून घेतली, जी घातल्यावर देह सुरक्षितही होतो आणि पिंजऱ्यातही पडतो. तिथे ओझे पुन्हा परत येते, या वेळी बाईच्या अंगावर. या तिघींच्या शेजारी ठेवल्यावर मुखर्जींचा निर्णय वेगळा उठून दिसतो. त्यांनी नवा दोर घेतला, त्यावर काहीही लादले नाही आणि त्यालाच देह केले.

वळणारे हात

इथपर्यंत समीक्षा झाली. आता ज्या प्रश्नासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो.

महाराष्ट्रात दोर वळणे हे काम कुणाचे होते हे सर्वांना ठाऊक आहे. बलुतेदारीत ते मातंग समाजाच्या वाट्याला होते. नाडा, सोंदूर, कासरे, दावी, शिंकी, केरसुण्या त्यांनी द्यायच्या आणि खळ्यावर धान्य मागून घ्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) मध्ये या व्यवस्थेचे वर्णन आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात सन पिकवणाऱ्या आणि त्याचे गोणपाट विणणाऱ्या कुमरावत किंवा पटबिना या स्वतंत्र जातीची नोंद आहे, आणि सन पेरणे हेच इतर शेतकऱ्यांना कमीपणाचे वाटे असेही त्यात दिसते. धाग्यालाही विटाळ होता. कापसाला नव्हता, सनाला होता.

दोर वळणाऱ्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी मी अनेकदा बोलले आहे. त्यांच्या बोलण्यात कौशल्याचा अभिमान आहे; पेड सारखा कसा ठेवायचा, ओल कितपत हवी, हे ते अजून बोटांनी दाखवतात. पण मुलांनी हे काम करू नये यावर कुणाचे दुमत नसते. बलुत्याचे धान्य मागताना जी भाषा ऐकावी लागे ती कुणी विसरलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा प्रश्न महार वतनाचा होता, पण त्यामागचा विचार गावकीच्या प्रत्येक कामाला लागू आहे. जन्माने गळ्यात पडलेले काम कितीही कसबाचे असले, तरी ते नाकारता येत नसेल तर ते बंधन आहे. दोरीच्या कामाला तर हा शब्द अक्षरशः लागू पडतो.

म्हणून ‘पारंपरिक दोरकाम लोप पावत आहे, ते जपले पाहिजे’ असा गळा काढणाऱ्या लेखांविषयी मला संशय आहे. कुणी जपायचे? ज्यांनी ते सोडण्यासाठी पिढ्या घालवल्या त्यांनी? नायलॉनच्या रंगीत दोरीने पर्यावरणाचे जे नुकसान केले ते केलेच, पण तिच्यामुळे एका समाजाला शेतकऱ्याच्या दारात उभे राहावे लागले नाही, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

आणि तरीही गोष्ट इथे संपत नाही. मुखर्जींच्या शिल्पात दोरी सेवेतून मोकळी झाली. ती मोकळी करणारी व्यक्ती कलावंतांच्या घरात जन्मली, विद्यापीठात शिकली, परदेशी शिष्यवृत्तीवर जाऊन आली. यात त्यांचा दोष काही नाही. उलट, बाईने शिल्पाच्या क्षेत्रात पाय रोवणे सोपे नव्हते, आणि त्यांच्या कामाला बराच काळ ‘क्राफ्ट’ म्हणून बाजूला ठेवले गेले. पण विचार करा: त्यांच्या कामाला ‘क्राफ्ट’ म्हणणे हा अपमान का ठरतो? कारण ‘क्राफ्ट’ म्हणजे ज्यांना नाव नाही अशांचे काम, हे आपण आधीच गृहीत धरलेले असते. त्यांना त्या खान्यातून बाहेर काढताना समीक्षकांनी खाना मात्र तसाच ठेवला. फक्त एक व्यक्ती त्यातून उचलली.

गरजेपेक्षा जास्त

गावात दोरी कायम गरजेलाच बांधलेली होती, असे मी वर सुचवले. ते पूर्ण खरे नाही आणि तो अपवाद महत्त्वाचा आहे.

पोळ्याच्या दिवशी वऱ्हाडात बैलाला जे चढते त्यातले बरेचसे कुठल्याही कामाचे नसते. म्होरकी कामाची, पण तिला लोंबणारे रंगीत गोंडे कामाचे नाहीत. कपाळावरची मठाटी, पाठीवरची झूल, शिंगांभोवतीचे पदर यांनी नांगर चालत नाही. त्या दिवशी बैलाला जुंपायचे नसते. ओझे नसलेला बैल आणि ओझे नसलेली दोरी एकाच वेळी दिसण्याचा हा वर्षातला एकच दिवस. झडत्या म्हणत बैल तोरणाखाली उभे राहतात तेव्हा गोंड्यांची लांबी, गाठींची दाटी, रंगांची जुळणी यांवर लोक बोलतात, तुलना करतात. ही समीक्षाच आहे. फक्त गोंडा कुणी केला हे त्यात येत नाही. बैल कुणाचा एवढेच येते.

लोणार-मेहकर भागातल्या तांड्यांवर दुसरे उदाहरण सापडते. पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ ही केवळ कापडाची किंवा दोरीची कडी असली तरी चालते. बंजारा बायकांनी तिला कवड्या लावल्या, टाके घातले, मागे पाठीवर रुळणारा पदर जोडला. बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहणारा त्यांचा व्यवसाय रेल्वेने संपवला. ज्या फाट्याने खामगावचा कापूस गेला त्याच व्यवस्थेने तांड्याचे बैल रिकामे केले. पण ती चुंबळ राहिली, कारण ती वाहतुकीपुरती कधीच नव्हती. जगण्यासाठी जितके लागते त्याहून थोडे जास्त करण्याची जागा त्या बायकांनी स्वतःसाठी ठेवली होती.

माझ्या दृष्टीने कला आणि कारागिरी यांतली रेषा कुठे असेल तर ती इथे आहे, या ‘थोडे जास्त’मध्ये. आणि ही रेषा शहर आणि खेडे यांच्यामधून जात नाही. ती एकाच शिंक्यातून, एकाच म्होरकीतून जाते. मुखर्जींनी त्या जास्तीच्या गाठीचे पूर्ण शिल्प केले. त्यांच्या आधी ती गाठ अनेक हातांनी मारली होती, वर्षातून एक दिवस, घरातल्या एका कोपऱ्यात, बलुत्याच्या हिशेबाबाहेर.

यातून समीक्षेसाठी काही काम निघते. पहिले भाषेचे. तंतुशिल्पांवर मराठीत लिहिताना आपण इंग्रजी शब्दांचे कष्टाने केलेले पर्याय वापरतो. पेड, पीळ, वाख, ताण, सैल, निरगाठ, सुरगाठ हे शब्द आपल्याकडे तयार आहेत आणि ते नेमके आहेत. हे शब्द ज्यांनी घडवले त्यांच्या नावाने ते वापरले जावेत. दुसरे काम नोंदीचे. ज्यांना दोर वळता येतो अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांनी ते काम पुन्हा करावे अशी अपेक्षा न ठेवता त्यांच्याकडून ते लिहून घेता येते, चित्रित करता येते, नमुना करून घेऊन त्याचे पैसे आणि श्रेय देता येते. संग्रहालयाच्या पाटीवर ‘अज्ञात कारागीर’ लिहिण्याची वेळ येते ती विचारले नाही म्हणून.

आणि तिसरे, पाहण्याचे. आता शहरातल्या दुकानांत सुती दोऱ्यांची गाठकामे भिंतीवर टांगायला मिळतात, बचत गटांच्या बायकाही ती करतात. त्यातले पुष्कळ काम गोड आहे आणि गोडीवरच थांबते. ते पाहताना बूर्झ्वाबाईंची कसोटी लावायला हरकत नाही, पण एक प्रश्न आमच्याकडचाही विचारावा: ही दोरी काय पेलते आहे? काहीच पेलत नसेल, तर ती कशाच्या बळावर उभी आहे? मुखर्जींच्या ‘आदिपुष्प’ला हा प्रश्न विचारला तर उत्तर मिळते. ते उत्तर महिनोन्‌महिने बसून मारलेल्या गाठींत आहे, आणि त्या गाठी मारायच्या की नाही हे ठरवण्याचा अधिकार मारणाऱ्या बाईकडे होता, यातही आहे. बचत गटातल्या बाईला ऑर्डरीपलीकडची एक गाठ स्वतःच्या मर्जीने मारण्याइतका वेळ आणि पैसा मिळतो का, हे आता विचारायला हवे.